पाच गोळ्या सकाळी, पाच रात्री

केमोथेरपी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र उभे राहते. रुग्णालयातली लोखंडी खाट, दांडीला टांगलेली सलाईनची बाटली, थेंब मोजत बसलेले नातेवाईक आणि अधूनमधून डोकावून जाणारी परिचारिका. म्हणून गेल्या वर्षी सासूबाईंच्या मोठ्या आतड्यावरच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर म्हणाले, "आजी, तुम्हांला गोळ्या देऊ. घरी बसून घ्या," तेव्हा आम्हां सगळ्यांच्या छातीवरचा धोंडाच उतरला.

सासूबाईंना तर कोण आनंद! "सुई नाही, सलाईन नाही. रक्तदाबाची घेते तशीच घ्यायची," असे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागल्या. दुकानातून आणलेली खोकी त्यांनी स्वयंपाकघरातल्या फडताळात रक्तदाबाच्या गोळ्या आणि हिंगाष्टक चूर्ण यांच्या मधोमध नेऊन ठेवली.

आता आठवले म्हणजे वाटते, आमची पहिली चूक तिथेच झाली. ती गोळी इतर गोळ्यांच्या रांगेत जाऊन बसली आणि घरातल्या कोणालाच तिचा धाक उरला नाही. पुढे दिवाळीच्या चार दिवसांत त्याची किंमत आम्हांला मोजावी लागली. तेव्हा जे शिकलो ते इतरांच्या उपयोगी पडावे, एवढ्यासाठीच हा लेख. आज कर्करोगावरची कितीतरी औषधे गोळ्यांच्या रूपाने मध्यमवर्गीयांच्या घरात येतात. पण ती घरी कशी सांभाळायची हे फारसे कोणी सविस्तर सांगत नाही.

गोळी दिसायला साधी

आमच्याकडे आलेल्या गोळीचे नाव कॅपेसिटाबिन. मोठ्या आतड्याच्या, स्तनाच्या आणि जठराच्या कर्करोगात ती वापरतात. तिची हकिगत १९५७ सालापासून सुरू होते. त्या वर्षी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातील चार्ल्स हायडलबर्गर आणि त्यांचे सहकारी यांनी फ्लुओरोयुरॅसिल हे औषध पुढे आणले. पेशीला दुभंगून वाढायचे तर तिला युरॅसिल नावाचे द्रव्य लागते. उंदरांच्या यकृतातल्या गाठी हे द्रव्य निरोगी यकृतापेक्षा जास्त ओढून घेतात, असे त्याआधी आढळले होते. हायडलबर्गर यांनी त्या द्रव्यातला हायड्रोजनचा एक अणू काढून त्याच्या जागी फ्लोरिनचा बसवला. पेशी त्याला आपलेच समजून आत घेते आणि मग तिचे वाढीचे काम ठप्प होते.

हे औषध शिरेतून द्यावे लागे. पुढे जपानमधल्या संशोधकांनी त्याचे एक असे रूप तयार केले की ते पोटातून शाबूत शोषले जावे, यकृतात त्याचे थोडे रूपांतर व्हावे आणि शेवटचे रूपांतर शक्यतो गाठीत व्हावे. तेच कॅपेसिटाबिन. अमेरिकेत त्याला १९९८ साली मान्यता मिळाली.

'शक्यतो' हा शब्द इथे महत्त्वाचा. शरीरात भराभर दुभंगणाऱ्या पेशी गाठीतच असतात असे नाही. तोंडाचे अस्तर, आतड्याचे अस्तर, हाडांतला मगज इथेही त्या असतात आणि औषधाचा मार त्यांनाही बसतो. म्हणजे बाटलीतून थेंबाथेंबाने जायचे तेच औषध आपण ताटावर बसून पाण्याच्या घोटाबरोबर घेत असतो. रुग्णालयात त्यावर नजर ठेवायला परिचारिका असते. घरी ते काम कोणाचे, हा प्रश्न आम्ही कोणी स्वतःला विचारलाच नव्हता.

घड्याळ, जेवण आणि भिंतीवरचे कॅलेंडर

गोळ्या किती घ्यायच्या हे माणसाची उंची आणि वजन यांवरून ठरते. मूत्रपिंडाचे काम कमी असेल तर मात्रा उतरवावी लागते, म्हणून आधी रक्ताची तपासणी होते. गोळ्या ५०० आणि १५० मिलिग्रॅम अशा दोन प्रकारच्या येतात. सासूबाईंच्या वाट्याला सकाळी तीन मोठ्या आणि दोन लहान, रात्री पुन्हा तितक्याच, अशा पाच-पाच गोळ्या आल्या. १४ दिवस गोळ्या आणि ७ दिवस सुट्टी मिळून तीन आठवड्यांची एक फेरी. अशा आठ फेऱ्या करायच्या होत्या.

नियम तसे सोपे. दोन वेळांत सुमारे बारा तासांचे अंतर ठेवायचे. जेवण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत गोळ्या पाण्याबरोबर घ्यायच्या. त्या अख्ख्या गिळायच्या; कुटायच्या नाहीत की तोडायच्या नाहीत. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट घ्यायच्या नाहीत. गोळ्या घेतल्यावर उलटी झाली तरी त्या पुन्हा घ्यायच्या नाहीत. पुढची वेळ होईपर्यंत थांबायचे आणि डॉक्टरांना कळवायचे.

खरा घोटाळा सुट्टीच्या आठवड्यात होतो. रोजची सवय लागलेला हात पंधराव्या दिवशीही आपोआप फडताळाकडे जातो. म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोळ्यांचे दिवस लाल शाईने आणि सुट्टीचे दिवस हिरव्या शाईने खुणावून ठेवावेत. प्रत्येक वेळी गोळ्या घेतल्या की त्या तारखेवर फुली मारावी. आमच्याकडे हे पहिल्या दिवसापासून केले होते आणि त्या बाबतीत सासूबाई घड्याळाच्या काट्यासारख्या होत्या. त्यांच्या हातून एकही गोळी चुकली नाही. त्या चुकल्या त्या दुसऱ्याच ठिकाणी.

चकल्यांचा दिवस

पहिली फेरी निर्विघ्न गेली. थोडी मळमळ, थोडा थकवा, एवढेच. त्यामुळे आम्ही सगळे निर्धास्त झालो. दुसरी फेरी सुरू झाली तेव्हा दिवाळी जवळ आली होती.

शस्त्रक्रियेनंतर उठून बसलेल्या बाईला घरात फराळ होत असताना स्वस्थ बसवेल का? मी कचेरीतून येईपर्यंत त्यांनी भाजणीची उकड काढून, मळून, सोऱ्याने चकल्या पाडायला घेतल्या होत्या. दोन दिवसांनी कढईपुढे उभे राहून शंकरपाळे तळले. तिसऱ्या दिवशी लाडू, तेही पाक गरम असताना वळलेले. "माझ्या हाताला चटका कळत नाही," हा त्यांचा जुना अभिमान.

त्या वेळी तळहात थोडे हुळहुळत होते, लालसर-काळपट दिसत होते. मी विचारले तर म्हणाल्या, "अगं, कढईची धग लागली असेल." मीही ऐकून सोडून दिले. नरकचतुर्दशीच्या पहाटे तेल-उटणे लावून त्यांनी चांगले कढत पाण्याने अभ्यंगस्नान केले. बाहेर आल्या तेव्हा पाय टेकवताना चेहरा वेडावाकडा होत होता. पण ओवाळणी, फराळाची ताटे, येणारेजाणारे या गडबडीत ते कोणाच्या लक्षात राहणार?

फेरीचा तो अकरावा दिवस. त्या रात्री आणि दुसऱ्या रात्रीही मला न्हाणीघराचा दिवा पुन्हा पुन्हा लागलेला दिसला. पहिल्या रात्री वाटले, फराळ बाधला असेल. लक्ष्मीपूजनाच्या रात्री तिसऱ्यांदा दिवा लागला तेव्हा मी उठून गेले. सासूबाई भिंतीला धरून उभ्या होत्या. ओठ कोरडे पडलेले, आवाज क्षीण.

"आई, कधीपासून?"

"काही नाही गं. चकली बाधली."

"किती वेळा?"

बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मोजलं नाही. आठ-दहा वेळा झालं असेल आजच्या दिवसात. पण गोळ्या घेतल्यात हं मी. चहाबरोबर घेतल्या, जेवण जात नव्हतं म्हणून."

दोन दिवस जेवण नव्हते, पोट धरत नव्हते आणि पाच गोळ्या सकाळी, पाच रात्री चालूच होत्या! यांनी लगेच डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "पुढची गोळी देऊ नका. आत्ताच्या आत्ता घेऊन या." पाडवा आणि भाऊबीज दोन्ही रुग्णालयात गेली. ज्या सलाईनला चुकवल्याचा आम्हांला एवढा आनंद झाला होता ते शेवटी लागलेच. शरीरातले पाणी आटून मूत्रपिंडांवर ताण आला होता. आणखी एक-दोन दिवस गेले असते तर काय झाले असते, ते डॉक्टरांनी आम्हांला बाहेर बोलावून सांगितले. ते मी इथे लिहीत नाही.

"सांगितलं असतं तर..."

जरा बरे वाटल्यावर मी त्यांना विचारले, "आई, सांगितलं का नाही हो?"

त्या खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "सांगितलं असतं तर डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या असत्या. मग त्या आजाराचं काय? म्हटलं, सोसावं थोडं. बाळंतपणं सोसली, हे काय!"

वाचकहो, त्या एका वाक्यात सगळे आले. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्या माणसांना, त्यातून बायकांना, सोसणे हा गुण वाटतो. औषधाचा त्रास ही बरे होण्याची किंमत आहे आणि ती मुकाट्याने मोजली पाहिजे, अशी त्यांची समजूत असते. शिवाय त्रास सांगितला तर औषध काढून घेतील ही मनातली भीती असते. म्हणून त्या गोळी चुकवत नाहीत, पण बोलणे चुकवतात.

संध्याकाळी डॉक्टर आले तेव्हा मी हे त्यांच्या कानावर घातले. ते सासूबाईंच्या खाटेशी बसले आणि त्यांनी समजावून सांगितले, की या औषधात मध्येच थांबणे हा उपचाराचाच भाग आहे. त्रास मध्यम झाला की गोळ्या थांबवायच्या, तो ओसरू द्यायचा, मग लागेल तर मात्रा कमी करून पुन्हा सुरू करायचे, हीच या औषधाची ठरलेली रीत. त्रासामुळे राहिलेल्या गोळ्या पुढे भरूनही काढायच्या नसतात. वेळेवर थांबले तर दोन-चार दिवसांत गाडी रुळावर येते. दडपून पुढे नेले तर आठवडेच्या आठवडे बुडतात.

"आजी," ते म्हणाले, "मात्रा मी कागदावर ठरवतो. ती तुम्हांला मानवते की नाही हे मला तुमच्या तोंडूनच कळायचं."

केव्हा थांबायचे?

त्या दिवशी मी वहीत उतरून घेतलेली आणि आता आमच्या फडताळाच्या दाराला आतून चिकटवलेली यादी अशी. यांतले काहीही झाले तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी, रात्र असली तरी, डॉक्टरांना कळवायचे:

१. नेहमीपेक्षा दिवसाला चार किंवा अधिक वेळा जास्त शौचास होणे, किंवा रात्री उठून जुलाब होणे.

२. चोवीस तासांत एकापेक्षा अधिक उलट्या होणे. किंवा मळमळीने जेवण नेहमीपेक्षा खूपच कमी होणे.

३. तोंड येणे: तोंडात लाली, सूज, वेदना किंवा फोड.

४. तळहात-तळपाय दुखणे, सुजणे, लाल होणे किंवा त्यांना मुंग्या येणे.

५. १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप. या औषधाने रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरू शकतात आणि मग साधा जंतूही भारी पडतो. तापाची गोळी देण्याआधी ताप मोजावा आणि आकडा लिहून ठेवावा.

६. छातीत दुखणे. हे औषध कधीकधी हृदयाच्या रक्तवाहिन्या आकसवते. 'पित्त झाले असेल' म्हणून सोडा पिऊन पडून राहू नये, थेट रुग्णालय गाठावे.

जुलाब सुरू होताच पाणी देण्यास सुरुवात करावी. ओआरएसचे पाकीट घरात असावेच. नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून ते थोडेथोडे पाजावे. जुलाब थांबवणारी गोळी मात्र डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणेच द्यावी.

आणखी एक. काही माणसांच्या शरीरात हे औषध मोडून निकामी करणारे डीपीडी नावाचे विकर जन्मतःच कमी असते. अशांना नेहमीची मात्राही विषासारखी होऊ शकते आणि पहिल्या काही दिवसांतच तोंड येणे, जुलाब, ताप यांचा भडका उडतो. युरोपच्या औषध संस्थेने २०२० साली उपचारांपूर्वी या उणिवेची तपासणी करण्याची शिफारस केली. पहिली गोळी घेण्याआधीच आपल्या डॉक्टरांना त्याविषयी विचारावे.

तळहात आणि तळपाय

हाता-पायांचा त्रास हा कॅपेसिटाबिनचा खास त्रास. आपल्या सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही. तळवे काळपट पडतात, हुळहुळतात, मग सोलू लागतात. उष्णता, घासणे आणि दाब यांनी तो वाढतो. म्हणजे चकलीचा सोऱ्या दाबणे, गरम लाडू वळणे, कढईपुढे उभे राहणे, कढत पाण्याने न्हाणे, दिवसभर अनवाणी चालणे. आमच्या घरी दिवाळीच्या आठवड्यात यातले एकही करायचे राहिले नव्हते!

आता आम्ही काय करतो ते सांगते. आंघोळीला पाणी कोमट. अंग टिपून घ्यायचे, खसाखसा पुसायचे नाही. तळहात-तळपायांना दिवसातून दोन-तीनदा साधे, बिनवासाचे मलम. युरियायुक्त मलम डॉक्टरांच्या सल्ल्याने. घरातही मऊ सपाता आणि सुती मोजे. भांडी घासणे, कपडे पिळणे, पोळ्यांची कणीक तिंबणे ही कामे दुसऱ्याकडे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने २६४ रुग्णांवर केलेला एक प्रयोग २०२४ साली प्रसिद्ध झाला. सांधेदुखीवर लावतात ते डायक्लोफेनॅकचे जेल हातांना दिवसातून दोनदा लावले, तेव्हा मध्यम व तीव्र त्रास ३.८ टक्के रुग्णांनाच झाला. नुसते साधे जेल लावलेल्यांत तो १५ टक्क्यांना झाला. साधा, स्वस्त उपाय, आणि तो आपल्याच देशात तपासला गेला! पण तोही आपल्या मनाने सुरू करू नये, डॉक्टरांना विचारून करावा.

कातडी सोलल्याने बोटांचे ठसेही पुसट होऊ शकतात. २००८ च्या डिसेंबरात सिंगापूरचे एक ६२ वर्षांचे गृहस्थ नातेवाइकांना भेटायला अमेरिकेत गेले. विमानतळावर त्यांच्या बोटांचे ठसेच उमटेनात! चार तास त्यांना थांबवून ठेवले. तीन वर्षांहून अधिक काळ ते कॅपेसिटाबिन घेत होते. त्यांच्या डॉक्टरांनी ही हकिगत २००९ साली वैद्यकीय नियतकालिकात छापली. आपल्याकडे आधारच्या यंत्रावर अंगठा उमटला नाही तर माणूस गोंधळून जातो. अशा वेळी डोळ्यांच्या बुबुळांवरून किंवा मोबाइलवर येणाऱ्या आकड्यांवरून ओळख पटवता येते. डॉक्टरांची चिठ्ठीही जवळ ठेवावी.

फडताळातल्या इतर वस्तू

या गोळ्या सुरू करण्यापूर्वी घरातले सगळे फडताळ एका पिशवीत भरून डॉक्टरांपुढे ओतावे, असे मी सांगेन. रक्त पातळ करण्यासाठी वॉर्फरिन घेणाऱ्यांना कॅपेसिटाबिनबरोबर रक्तस्राव होऊ शकतो. फिट्सवरच्या फेनिटॉइनचे रक्तातले प्रमाण वाढू शकते. संधिवातावरचे ॲलोप्युरिनॉल या औषधाचा गुण कमी करू शकते. आणि जिच्याविषयी कोणाला शंकाही येत नाही ती शक्तीची गोळी! तिच्यात फॉलिक ॲसिड असते आणि ते कॅपेसिटाबिनचा त्रास वाढवू शकते. शेजारणीने प्रेमाने आणून दिलेले काढे आणि चूर्णेही दाखवल्याशिवाय घेऊ नयेत. 'आयुर्वेदिक आहे, अपाय नाही' हे वाक्य इथे चालत नाही.

आता ती खोकी आमच्या फडताळात नसतात. वेगळा डबा, त्यावर नाव, आणि नातवंडांचा हात पोचणार नाही अशी जागा. गोळी रुग्णाने स्वतः काढून घ्यावी. दुसऱ्या कोणी द्यायची तर हातमोजे घालून द्यावी आणि नंतर हात धुवावेत. घरात गरोदर बाई असेल तर तिने तुटलेल्या, चुरा झालेल्या गोळ्यांना हात लावू नये. उरलेल्या गोळ्या मोरीत किंवा संडासात टाकू नयेत. रुग्णालयात परत नेऊन द्याव्यात.

आणि एका गोळीचा नियम दुसरीला लावू नये. कॅपेसिटाबिन जेवणानंतर, रक्ताच्या एका कर्करोगावरची इमॅटिनिब जेवताना, मोठा पेलाभर पाण्याबरोबर, पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगावरची ॲबिराटेरोन मात्र रिकाम्या पोटी. 'आमच्या काकांनी अशी घेतली होती' हा सल्ला कितीही आपुलकीचा असला तरी ऐकू नये.

उलटी चूक

सासूबाईंनी केली त्याच्या नेमकी उलटी चूकही घरोघर होते. त्रास झाला की रुग्ण गुपचूप गोळी टाळतो. कधी लग्नकार्य म्हणून, कधी प्रवास म्हणून, कधी पैशांची ओढ म्हणून. लंडनमध्ये इमॅटिनिब घेणाऱ्या ८७ रुग्णांच्या बाटल्यांच्या झाकणांत टोपण केव्हा उघडले याची नोंद ठेवणारी यंत्रे बसवून तीन महिने पाहिले. त्याचा निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाला. ठरलेल्या गोळ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक घेणाऱ्यांत सहा वर्षांत रोग हवा तितका उतरण्याची शक्यता ९४.५ टक्के होती. त्याहून कमी घेणाऱ्यांत ती २८.४ टक्के! म्हणजे दहातली एखादी गोळी चुकवणेही महागात पडते.

तेव्हा आपल्या मनाने थांबवणे वाईट आणि आपल्या मनाने दामटणेही वाईट. दोन्हींवर उपाय एकच: काय झाले ते त्याच दिवशी सांगणे. त्रास कमी करायला औषधे आहेत, मात्रा बदलता येते, वेळापत्रक हलवता येते. पैशांची अडचण असेल तर तीही सांगावी. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात मदतीच्या वाटा सांगणारी माणसे असतात. पण त्यांना काही कळलेच नाही तर ती काय करणार?

घरच्या माणसांनीही आपले काम ओळखावे. "कसं वाटतंय?" असे विचारले की आपल्याकडे "बरं आहे" हे उत्तर ठरलेले. त्याऐवजी, "आज किती वेळा जावं लागलं? जेवण किती गेलं? तळहात दाखवा बघू," असे विचारावे. यात लाजण्यासारखे काही नाही. रुग्णालयात परिचारिका रोज हेच विचारते. आम्ही त्यासाठी शंभर पानी वही केली. तारीख, ताप, शौच, उलट्या, जेवण, हात-पाय असे सहा रकाने. रोज रात्री दोन मिनिटांचे काम. प्रत्येक भेटीत डॉक्टर आधी ती वही मागून घेत.

सासूबाईंच्या गोळ्या बारा दिवस बंद राहिल्या. मग कमी मात्रेने पुन्हा सुरू झाल्या आणि आठही फेऱ्या पुऱ्या झाल्या. पाचव्या फेरीत एकदा पुन्हा तोंड आले होते. त्या वेळी पहाटे सहालाच त्यांनी मला हाक मारली, "अगं, उठ. वहीत लिही, आणि डॉक्टर उठले असतील तर फोन लाव." गोळ्या चार दिवस थांबल्या, तोंड बरे झाले, पुढचे सुरळीत पार पडले. आता दर तीन महिन्यांनी तपासणीला जातो.

यंदा चकल्या मी पाडल्या. सासूबाई स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून, पायांत मोजे घालून बसल्या होत्या आणि भाजणी सैल झाली, तेल तापले नाही, काटा नीट येत नाही, असे एकामागून एक दोष काढत होत्या. मी निमूटपणे ऐकून घेत होते. पहिला घाणा निघाला तेव्हा त्यांनी एक चकली मोडून पाहिली, चाखली आणि म्हणाल्या, "मीठ कमी आहे. सांगितलेलं बरं, नाही का?"